तातेरावांनी गाडी हळू केली

तातेराव गजभारे यांचा हात लागला की गाडी उडते, एवढं नाव त्यांनी काचीगुड्यात तीस वर्षांत कमावलं होतं. स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड. सकाळी नऊच्या सुमाराला तिथं चार-दोन कॉलेजची पोरं आपापल्या टू-स्ट्रोक मोटारसायकली घेऊन ताटकळत असायची आणि सगळ्यांची मागणी एकच असायची: काका, पिकअप पाहिजे. काका सिलिंडर उतरवायचे, आतली भोकं कानशीनं घासून मोठी करायचे, हेड थोडं तासायचे, सायलेन्सरच्या पोटातलं सामान काढून टाकायचे. संध्याकाळी पोरगं गाडीवर बसलं की गल्लीच्या तोंडापर्यंत दिसायचं, पुढं नुसता धूर.

देगलूरजवळच्या एका गावातून ते पंधराव्या वर्षी हैदराबादेत आले. वडील गावच्या पिठाच्या गिरणीवर राबायचे, शाळा चौथीपर्यंत झाली होती, बाकीचं शिक्षण हातानं झालं. स्वभावात एक मोठी खोड होती. वस्तू चालते एवढ्यावर त्यांचं भागत नसे, ती का चालते हे कळेपर्यंत जेवण गोड लागत नसे. बायकोनं, मनकर्णाबाईंनी, हौसेनं मिक्सर आणला त्याच दुपारी तो फरशीवर सुटा होऊन पडला होता. नंतर जोडला म्हणा, आणि चाललाही, पण त्या दिवसाची चटणी बाईंना पाट्यावरच वाटावी लागली, आणि वाटताना त्या काय काय बोलल्या ते इथं सांगण्यात अर्थ नाही.

हे कुतूहल मात्र यंत्रापाशी थांबायचं. माणसाला ते फारसं काही विचारत नसत. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की हात वर करायचे. "ठेवा अन् संध्याकाळी या." गिऱ्हाईक थापा मारतं, इंजिन मारत नाही, असं त्यांचं ठाम मत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. झालं निदान. त्यांचा कान सहसा चुकत नसे, आणि खरी अडचण तीच होती.

चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात एका टेम्पोतून त्यांच्या शेडपुढं एक लालभडक गाडी उतरली. परदेशी माल तेव्हा नुकताच शहरात यायला लागला होता, आबिड्सच्या दुकानांत लोक नुसते काचेबाहेर उभे राहून तो बघायचे. पण असलं जनावर गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. बसायची जागा कमरेएवढी उंच, मडगार्ड आभाळाकडे, टायरला बोटाच्या पेराएवढ्या गाठी. दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर नाही, मागं कुणाला बसवायची सोय नाही. गाडीच्या मागोमाग पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी उतरली. तिच्या उजव्या मनगटाला क्रेप पट्टी होती.

"जयभीम, काका. मी प्रियदर्शिनी सोनकांबळे. बाबांनी तुमचं नाव सांगितलं. आमचं गाव धर्माबाद."

धर्माबाद म्हटल्यावर तातेरावांनी 'मॅडम' सोडून दिलं. "मग आपलीच की पोरगी तू. बोल, किती पळवायची?"

"पळवायची नाही काका. हळू करायची."

तातेरावांनी हातातला पाना खाली ठेवला. तीस वर्षांत असली मागणी घेऊन त्यांच्या दारात कुणी आलं नव्हतं.

प्रियदर्शिनी वनस्पतिशास्त्र शिकलेली. झाडांची पाहणी करणाऱ्या एका खासगी संस्थेत ती कामाला होती, ऑफिस आबिड्सला आणि काम विकाराबादच्या बाजूच्या जंगलात. तिथं संस्थेनं चाळीस चौकोन आखले होते. दर महिन्याला प्रत्येक चौकोनात जाऊन कोणतं झाड आहे, कोणतं रोप उगवलं, कोणतं मेलं, हे मोजायचं. चौकोन लांब लांब, मध्ये ओढे, दगड, मुळं. संस्थेला परदेशातून मदत देणाऱ्या भल्या माणसांनी जंगल हा शब्द ऐकला आणि मातीतल्या शर्यतीची गाडी धाडून दिली. पाहणी करणाऱ्या बाईला कोणती गाडी लागते हे कुणाला ठाऊक असणार?

"ती आधी ढिम्म हलत नाही," प्रियदर्शिनी सांगत होती. "आणि मग एकदम अशी सुटते की..."

"ठेव. आठ दिवसांनी ये," तातेराव म्हणाले.

"काका, पंधरा डिसेंबरच्या आत व्हायला पाहिजे. मागच्या महिन्यात माझे नऊ चौकोन राहिले. या खेपेलाही राहिले तर साहेब जंगलाचं काम दुसऱ्याला देणार आहेत. मला ऑफिसात वाळलेली पानं कागदावर चिकटवायला बसवणार." ती जरा थांबली. "मला पानं नाही चिकटवायची. मला झाडापाशी जायचंय."

ती गेल्यावर तातेरावांनी गाडीला किक मारली आणि स्टेशनच्या रस्त्याला लावली. मूठ पिळली, तर गाडी खोकल्यासारखी बरबरली. अजून पिळली, तरी तेच. आणि तिसऱ्यांदा कुणीतरी मागून ढकलून द्यावं तसे ते पुढं गेले, पुढचं चाक रस्ता सोडून वर आलं, आणि वयाच्या पन्नाशीत तातेरावांच्या तोंडून आईचं नाव निघालं. परत आले तेव्हा चेहरा लग्नाच्या दिवसासारखा फुलला होता. असली गाडी हळू करायची म्हणजे पापच, असं ते मनकर्णाबाईंना म्हणाले.

"त्यापेक्षा त्या लेकराला लूना घ्या म्हणावं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"लूनाचं पोट दगडावर अडकेल. चाकं एवढीशी. जंगलाला उंच गाडीच पाहिजे." हे बोलता बोलता त्यांच्या डोक्यात विचाराचा किडा वळवळायला लागला. गाडी उंच पाहिजे, चाकं मोठी पाहिजेत, इंजिन मात्र शहाणं पाहिजे. ते शहाणं होईल कसं? गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. दोन दिवसांनी प्रियदर्शिनी डोकावली तेव्हा तातेरावांनी ते तिच्याकडून पानन् पान वाचून घेतलं. ताकद वाढवायचे अकरा उपाय त्यात होते, कमी करायचा एकही नव्हता. तातेरावांना त्याचं नवल वाटलं नाही, त्यांच्या डोक्यातही नव्हता.

मग त्यांनी आपलंच सगळं ज्ञान उलटं फिरवलं. ठिणगी उशिरा पडेल असं केलं. मूठ अर्ध्याच्या पुढं फिरणार नाही असा आतून अडसर घातला. सायलेन्सरमध्ये एरवी जे काढायचे ते कोंबलं. आता तपासायचं कुठं? जंगल म्हणजे काय, तर वाट अरुंद, पावलोपावली अडथळा, आणि सरळ रेषेत दहा हात जायची सोय नाही. असलं जंगल त्यांच्या माहितीचं एकच होतं. ते गाडी घेऊन थेट सुलतान बाजारात घुसले, तेही सकाळी साडेअकराला.

एका बांगड्यांच्या हातगाडीमागं ते माणसाच्या पावलानं चालले. पुढं साड्यांच्या दुकानाबाहेरच्या गर्दीतून वाट काढली. एका म्हातारीनं गाडीकडं बघून "कित्ता उंचा घोडा है मा" म्हटलं, तिच्यासाठी थांबले, पुन्हा चालले. इंजिन एकदाही बंद पडलं नाही की उसळलं नाही. चौकात हवालदारानं हात दाखवला.

"नंबर किधर है?"

"अभी बारसा नहीं हुआ साब," तातेराव म्हणाले आणि हवालदार हसेपर्यंत पुढं सरकले. सुलतान बाजार एका दमात पार झाला होता. आता हिला कुठल्या जंगलाची भीती, असं त्यांना मनापासून वाटलं. प्रियदर्शिनीला त्यांनी निरोप धाडला आणि गाडी टेम्पोत चढवून दिली.

पाचव्या दिवशी टेम्पो परत आला. प्रियदर्शिनीच्या गालावर आता एक ओरखडाही होता.

"चढावर बंद पडते काका. प्रत्येक मुळाशी बंद पडते. आधी उसळून पाडत होती, आता मरून पाडते."

तातेरावांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली. "आवाज तर बराबर आहे. तुझ्या क्लचच्या हातात काही..."

"काका." तिचा आवाज चढला नव्हता, पण अगदी सरळ होता. "तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की मी पडते कशी. इंजिनला विचारलंत. पडते मी."

तातेरावांना लाज वाटली. ती कशी झटकायची हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी डबा भरायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत तिच्या शेजारी जाऊन बसले. तीस वर्षांत गिऱ्हाईकाबरोबर ते कुठं गेल्याचं गल्लीला आठवत नव्हतं. मनकर्णाबाईंनी चार भाकरी जास्तच बांधल्या.

जंगलाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या घरी गाडी उतरवली. वाट पाहूनच तातेरावांच्या लक्षात यायला लागलं की सुलतान बाजाराचं आणि या जागेचं काही नातं नाही. बाजार कितीही दाटीचा असला तरी सपाट असतो, आणि माणसं बाजूला होतात. इथं सागाची पानं थरावर थर पडलेली, त्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि मुळं काही बाजूला होत नाहीत. त्यांनी आधी मुठीतला अडसर काढून टाकला, ठिणगी जागेवर आणली, सायलेन्सरमधलं कोंबलेलं सगळं ओढून काढलं. मग प्रियदर्शिनीला म्हणाले, "आता जा. अन् पड. मी बघतो."

ती पहिल्या चढाला लागली. तातेराव शेजारून पळत होते, धोतर असतं तर सुटलं असतं, पँट होती म्हणून निभावलं. चाक मुळाला लागलं तसा इंजिनाचा आवाज एका क्षणात तळाला गेला आणि विझला. तिनं पुन्हा किक मारली, मूठ थोडी जास्त पिळली, आता आवाज एका क्षणात वर गेला, मागचं चाक पानांवर गरगरलं आणि गाडी आडवी. तातेरावांनी तिला हात देऊन उठवलं.

"लागलं?"

"नाही. दिसलं का काही?"

"अजून एकदा पड," ते म्हणाले, आणि पुन्हा लाज वाटून म्हणाले, "म्हणजे, पडू नको. पण कर."

चार वेळा बघितल्यावर ते एका दगडावर बसून राहिले. इंजिन एका क्षणात वर जातं, एका क्षणात खाली येतं. शर्यतीला हेच पाहिजे. हलका भोवरा चटकन फिरतो आणि बोट लागताच पडतो, तसंच हे. आपण ताकद कापत बसलो. पण चढाला ताकद पाहिजेच. चुकतंय ते इतकंच की ताकद धरून ठेवायला आत काही नाही. आणि त्यांना गावची गिरणी आठवली. तिथल्या ऑइल इंजिनाला दोन बाजूंना दोन बिडाची चाकं होती, लहानपणच्या तातेच्या छातीपर्यंत येणारी. कुणी घाईनं पायलीभर ज्वारी एकदम ओतली तरी ते इंजिन अडखळत नसे. एवढं जड चाक कशाला, असं त्यानं वडिलांना विचारलं होतं. वडील म्हणाले होते, इंजिन दमलं की चाक ओढतं, आणि इंजिन उधळलं की चाक धरून ठेवतं.

"ऊठ," तातेराव प्रियदर्शिनीला म्हणाले. "हिला वजन घालायचंय."

काचीगुड्यात परतल्यावर त्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं. वीज तयार करणारं मॅग्नेटचं चाक हातात घेतलं तर ते खरंच पत्रावळीसारखं हलकं. ते घेऊन ते शेजारच्या गल्लीत केशवराव टर्नरकडे गेले. केशवराव बिदरकडचे, लेथवर पंचवीस वर्षं काढलेले, आणि तातेरावांची चेष्टा करायची एकही संधी न सोडणारे.

"या चाकाला बाहेरून लोखंडी कडं बसवायचंय. अर्धा किलोचं."

"जिंदगीभर लोखंड घासून काढत आलास," केशवराव म्हणाले, "आता घालायला लागलास? तब्येत ठीक आहे ना?"

"आधी कर, मग हस."

सोपं काम नव्हतं. वेल्डिंग केलं तर उष्णतेनं चाकातले चुंबक मरणार, म्हणून कडं अगदी काटेकोर मापानं कातायचं, दाबून बसवायचं आणि तीन छोट्या बोल्टांनी आवळायचं. पहिलं कडं ढिलं झालं. दुसरं बसलं, पण त्याची एक बाजू जड निघाली. तातेरावांनी दोन दाढीची पाती समांतर उभी करून त्यावर चाकाचा आस ठेवला. चाक आपोआप फिरून जड बाजू खाली आणी. तिथं बारीक भोक पाडायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा बघायचं. कुठंही ठेवलं तरी चाक निमूट राहायला लागलं तेव्हा दोन दिवस सरले होते. मग लक्षात आलं की जाडी वाढल्यामुळं झाकण बसत नाही. त्याच्याखाली ॲल्युमिनियमची एक पट्टी घातली. मागच्या चाकाची दातेरी चकतीही मोठी केली, म्हणजे पहिल्या गिअरात गाडी माणसाच्या चालीनं जाईल. हे सगळं करताना ते गुणगुणत होते. मनकर्णाबाईंनी केशवरावांना सांगितलं की हे गुणगुणतात म्हणजे यांना काहीतरी नवं कळतंय, आता चार दिवस हातातला घासही दिसायचा नाही.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा शेडपुढची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मूठ पिळली तरी आवाज चढायचा तो सावकाश, आणि सोडल्यावर उतरायचा तोही सावकाश. "काका, गाडी बसली क्या?" एकानं विचारलं. तातेरावांच्या हातून गेलेल्या गाडीबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांना थोडं बोचलंही. पण ते ऐकतच राहिले, कारण हा आवाज त्यांच्या कानाला नवा होता.

चौदा डिसेंबरला सकाळी सात वाजता गाडी पुन्हा जंगलाच्या कडेला उभी होती. दुसऱ्या दिवशी यादी साहेबांच्या टेबलावर जायची होती, आणि प्रियदर्शिनीचे नेमके ते चढावरचे नऊ चौकोन बाकी होते. यावेळी सुलतान बाजारात चाचणी झाली नव्हती, कुठंच झाली नव्हती. प्रियदर्शिनीनं वही पिशवीत घातली, मनगटाची पट्टी आवळली.

"पडलीस तर?" तातेरावांनी विचारलं.

"तर उठीन. तुम्ही थांबताय ना?"

"हौ. इथंच."

ती पहिल्या चढाला लागली. चाक मुळाला भिडलं. आवाज खाली गेला, आणि खाली गेलेला तिथंच राहिला, दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा. विझला नाही. चाक हळूच मुळावर चढलं, पलीकडं उतरलं, पानांवर एकदाही गरगरलं नाही. पुढचं मूळ. त्यापुढचा दगड. मग लाल मडगार्ड झाडांमागं गेलं आणि दिसेनासं झालं.

तातेराव दगडावर बसले. गाडी दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. दोन मिनिटांनी ऐकू येत होती, दहा मिनिटांनीही. टेकडीच्या डावीकडून आवाज यायचा, मग थांबायचा. थांबला की तातेराव उठून उभे राहायचे. गाडी मेली असेल का बंद पडून, का पोरगी खाली असेल गाडीच्या? मग लांबून किकचा आवाज यायचा, मागोमाग तोच जड, सावकाश ठेका, आणि ते परत बसायचे. ती चौकोनात उतरून मोजत होती. असं त्यांनी नऊ वेळा उठायचं आणि बसायचं होतं. सहापर्यंत त्यांनी बोटांवर मोजलं, पुढं आवाज टेकडीपलीकडं गेला आणि मोजदाद हुकली. भाकरी पिशवीतच राहिली.

उन्हं कलली तेव्हा ती आली. तोंड धुळीनं माखलेलं, केसांत पानं. गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि नुसती हसली.

"नऊ," ती म्हणाली.

"पडलीस?"

"एकदा. ती माझी चूक होती, गाडीची नाही. काका, मुळावर काय चढते माहितीये का? अशी..." तिनं हात सरकवून दाखवला. "अजून एक, उतारावर ती जरा ढकलते, तिथं क्लच..."

"गाडीचं राहू दे," तातेराव म्हणाले. "गाडी मी ऐकली दिवसभर. तिथं काय आहे ते सांग."

प्रियदर्शिनी थबकली. हे तिला अपेक्षित नव्हतं, आणि खरं तर तातेरावांनाही नव्हतं. तिनं वही उघडली.

"एकतीस नंबरात बिजाची रोपं आहेत. बिजा म्हणजे मोठं झाड होतं ते, लाकडातून लाल रस येतो. आता फार राहिलेली नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा रोपं होती, करंगळीएवढी. मागच्या महिन्यात पोचताच आलं नाही. आज सात आहेत."

"चार गेली."

"चार गेली. एक हरणानं खाल्लं, खूर होते तिथं. बाकी तिन्हींचं कळलं नाही."

"कैकू नाही कळलं?" तातेरावांनी विचारलं. ते पुढं झुकून वहीत बघत होते, तिथल्या इंग्रजी अक्षरांत त्यांना काही समजत नव्हतं, फक्त सातचा आकडा समजत होता.

"दर महिन्याला गेलं तर कळतं. मध्ये एक महिना चुकला की नुसता आकडा हातात राहतो."

तातेरावांनी वही तिच्या हातात परत दिली. गरम इंजिनवर तळहात धरून बघितला, आणि नंतर भाकरीची पिशवी सोडली.

"जेव आधी," ते म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यात सातांतली किती राहिली, ते शेडवर येऊन सांगून जा."